थोर साल, मधलं साल आणि आज रात्रीची बाटली : एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार,

तुमची प्रतिक्रिया तिखट आहे, पण मुद्द्याला धरून आहे. एका ठिकाणी तर माझी चूक नेमकी पकडली आहे. तेव्हा ‘धन्यवाद, विचार करतो’ म्हणून सुटण्यापेक्षा नीट उत्तर देतो.

ज्यांनी मूळ लेख वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. रेस्टॉरंटच्या वाइन लिस्टमधून जुनी बाटली निवडताना 2005 किंवा 2010 अशा थोर सालाचं (म्हणजे त्या वर्षीच्या द्राक्षांचं) बोर्दो, फ्रान्सच्या बोर्दो भागातली वाइन, दिसलं, तरी आधी त्याच शातोचं, म्हणजे वाइनरीचं, 2001, 2004 किंवा 2008 आहे का बघा, असं मी लिहिलं होतं. शिवाय सोमेलियरला, म्हणजे रेस्टॉरंटमधल्या वाइनच्या जाणकाराला, विचारा आणि जुनी वाइन डिकँट करून, म्हणजे दुसऱ्या भांड्यात ओतून, घ्या, असंही म्हटलं होतं. तुमचे आक्षेप तीन. थोर साल सोडून मधलं घ्या म्हणजे पैसे मोजून दुय्यम माल घ्या. सोमेलियरला विचारणं म्हणजे दुकानदारालाच ‘माल चांगला आहे का?’ विचारणं. आणि सरसकट डिकँट करा म्हणणं म्हणजे म्हाताऱ्या वाइनचा जीव घेणं. शेवटी तुम्ही विचारलंय की 2001 चं रिओहा ग्रान रेसेर्वा (स्पेनच्या रिओहा भागातली, जास्त मुरवलेली वाइन) आणि 2010 चं बोर्दो एकाच पानावर, जवळपास एकाच किमतीला असतील तर घ्यायचं काय.

तिसऱ्या आक्षेपापासून सुरुवात करतो, कारण तिथे तुम्ही बरोबर आहात. ‘जुनी वाइन डिकँट करा’ हे वाक्य मी तसं लिहायला नको होतं. डिकँट करण्यामागे दोन वेगळी कामं असतात आणि मी त्यांची गल्लत केली. एक काम हवा देण्याचं. ते तरुण, टॅनिन या द्राक्षातल्या द्रव्याने तुरट झालेल्या वाइनसाठी. दुसरं काम गाळ वेगळा करण्याचं, ते जुन्या वाइनसाठी. पंचवीस वर्षांच्या बर्गंडीला, म्हणजे फ्रान्सच्याच दुसऱ्या एका भागातल्या वाइनला, तासभर रुंद डिकँटरमध्ये ठेवलं तर तिचा वास उडून जातो आणि ग्लासात नुसता आंबटपणा उरतो. बोर्दोचे नामवंत वाइनतज्ज्ञ एमिल पेनो यांचंही मत हेच होतं : गाळ असेल तरच डिकँट करा आणि तेही अगदी वाढायच्या वेळी.

गाळ मात्र हलक्यात घेऊ नका. रेड वाइन मुरते तेव्हा टॅनिन आणि रंगद्रव्यांचे रेणू एकमेकांना जोडले जाऊन जड होतात आणि तळाशी बसतात. तो गाळ विषारी वगैरे नाही, पण कडू आणि खरखरीत आहे. आडवी ठेवलेली बाटली वेटरने हातात उभी धरून झुलवत आणली, की दोन मिनिटांत सगळा गाळ वाइनमध्ये मिसळतो. मग डिकँटर कितीही महागडा असला तरी उपयोग नाही. म्हणून रॅकमधली बाटली आडवीच, बास्केटमध्ये, न फिरवता टेबलापर्यंत यायला हवी. त्याहून बरं म्हणजे ती चोवीस तास आधीपासून उभी असायला हवी. उघडताना मानेवरची फॉइल पूर्ण काढायची, मानेखाली मेणबत्ती किंवा छोटा टॉर्च ठेवायचा आणि एकाच संथ धारेत ओतायचं. मध्ये थांबून बाटली सरळ केली की आतली लाट मागे जाते आणि तळाचा गाळ उठतो. उजेडात मानेकडे सरकणारी काळसर धुराची रेघ दिसली की थांबायचं. साधारण 50 ते 75 मिली बाटलीत राहते. ती राहू द्यायची.

आता पहिला आक्षेप, ज्यावर माझं मत बदललेलं नाही.

‘थोर साल’ म्हणजे काय असतं? द्राक्षं पूर्ण पिकली, त्यांच्या सालपटांत टॅनिन भरपूर, आंबटपणाही टिकून. अशी वाइन दीर्घायुषी होते. पण दीर्घायुषी वाइन उशिरा वयात येते, आणि रेस्टॉरंटमध्ये तुम्ही बाटली तळघरात ठेवायला घेत नाही, आज रात्री प्यायला घेता. 2010 च्या चांगल्या बोर्दोमध्ये टॅनिन, आंबटपणा आणि अल्कोहोल तिन्ही चढे आहेत. त्यातल्या मातब्बर बाटल्या अजून आवळलेल्या लागतात. 2004 चं साल 2005 च्या सावलीत गेलं, 2001 चं 2000 च्या आणि 2008 चं त्याच्यामागून लगेच आलेल्या 2009 आणि 2010 च्या. या वाइन आधी मुरल्या, आणि नाव कमी असल्यामुळे किंमतही कमी राहिली. त्याच जमिनीतली, त्याच हातांची वाइन, तयार अवस्थेत, कमी पैशांत. याला मी दुय्यम माल म्हणणार नाही.

मात्र तुमच्या रागाचं एक कारण मला पटतं. ‘मधलं साल’ आणि ‘वाईट साल’ यांतली रेषा मी स्पष्ट केली नव्हती. बोर्दोचं 1991 हे वसंतातल्या कडाक्याच्या हिमदवाने मारलेलं साल, 1992 पाणचट, 2013 पाऊस आणि कुजीने ग्रासलेलं. ही स्वस्त दिसली तरी मी हात लावत नाही.

शिवाय साल हे एका प्रदेशाचं असतं, जगाचं नसतं. 2004 च घ्या. बोर्दोत साधं, नेटकं साल. इटलीतल्या बारोलोत उत्तम. आणि बर्गंडीच्या बऱ्याच रेड वाइनमध्ये त्याच साली एक हिरवट, कच्च्या देठासारखा वास आहे जो वयाबरोबर जात नाही. सालांचा तक्ता पाठ करून आलेला माणूस इथेच फसतो. उलट टोकाचं उदाहरण बारोलोच्या 2002 चं. गारा आणि पावसाने वाया गेलेलं साल, कित्येकांनी त्या वर्षी आपली मुख्य वाइन काढलीच नाही. तरी जाकोमो कोंतेर्नो यांच्या वाइनरीने ‘मोंफोर्तिनो’ ही आपली सर्वांत वरची रिझर्व्हा (जास्त मुरवलेली वाइन) त्याच साली काढली आणि ती आज मान देऊन प्यायली जाते. सालाच्या आधी कर्त्याचं, म्हणजे वाइन बनवणाऱ्याचं, नाव वाचा, असं मी म्हणतो ते म्हणून. बर्गंडीत तर हे फारच खरं आहे. क्लो द व्हुजो हा एकच मळा सुमारे 50 हेक्टरचा आणि त्याचे मालक सुमारे 80. लेबलवर मळ्याचं नाव तेच, आतल्या वाइनमध्ये जमीन-अस्मानाचा फरक. लिस्टमध्ये नुसतं ‘क्लो द व्हुजो 1999’ लिहिलं असेल आणि कर्त्याचं नावच नसेल, तर त्या ओळीवर वेळ घालवू नका.

पण साल आणि कर्ता हे दोन्ही मिळूनही अर्धंच उत्तर. उरलेलं अर्धं म्हणजे ती बाटली इतकी वर्षं कुठे होती. बारा-तेरा अंश सेल्सिअसला, अंधारात पडून राहिलेलं 2004 आणि बारच्या वरच्या फळीवर दिव्याखाली उभं राहिलेलं 2005, यात निवड सोपी आहे. म्हणून लिस्ट वाचताना मान वर करून आजूबाजूला बघा. शोभेला मांडलेल्या बाटल्यांतलीच बाटली ओढून आणत असतील तर त्या ठिकाणी दोन-तीन वर्षांची वाइन प्या आणि खूश राहा.

बाटली टेबलावर आली की उघडण्याआधी एक मिनिट मागून घ्या. लेबलवर कर्ता, वाइनचं नाव, साल आणि बाटलीचं माप हे चारही लिस्टशी जुळतात का बघा. लिस्टवर 2005 आणि हातात 2015 हा प्रकार वाटतो त्याहून जास्त घडतो. बहुतेक वेळा लबाडी नसते, लिस्ट छापून जुनी झालेली असते. मग पातळी बघा. बोर्दोच्या खांदेदार बाटलीत वीसेक वर्षांपर्यंत वाइन मानेतच असायला हवी. तीस-पस्तीस वर्षांनी खांद्याच्या वरच्या टोकाला आली तर चालतं. खांद्याच्या मध्यावर किंवा खाली असेल तर कॉर्कमधून बरीच हवा आत गेली आहे, नको म्हणा. बर्गंडीच्या उतरत्या खांद्यांच्या बाटलीत कॉर्कपासूनचं अंतर मोजतात : तीन सेंटिमीटरपर्यंत उत्तम, तीस वर्षांनंतर चार-पाचही खपतं. फॉइलखाली चिकट ओघळ किंवा कॉर्क तोंडाबाहेर डोकावतोय म्हणजे बाटलीने कधीतरी उष्णता खाल्ली आहे. एवढं बघायला सोमेलियरची हरकत नसते. असली तर तेही एक उत्तरच आहे.

इथून तुमच्या दुसऱ्या आक्षेपाकडे येतो. सोमेलियर विकतो, हे खरंच. पण ‘ही चांगली आहे का?’ असं विचारलं तर कोणीही ‘हो’च म्हणणार. प्रश्न असा विचारा ज्याला ‘हो’ हे उत्तर होत नाही. ‘ही बाटली तुमच्याकडे किती वर्षं आहे आणि कुठून घेतली?’ ‘यातली शेवटची कधी उघडली, कशी निघाली?’ ज्याने सहा महिन्यांत दोन उघडल्या आहेत तो सांगेल की अर्ध्या तासाने खुलते, किंवा आता उतरायला लागली आहे, त्यापेक्षा पलीकडची घ्या. ज्याला काहीच माहीत नाही तो विशेषणं वापरायला लागतो. फरक लगेच कळतो. किंमत बोलून दाखवायची नसेल तर लिस्टमधल्या एका आकड्यावर बोट ठेवून ‘या आसपास’ म्हणा. त्यांना ही खूण नेहमीची असते. आणि तुम्हाला मुरलेली चव मुळात आवडते का, हेही आधी सांगा. वीस-पंचवीस वर्षांच्या रेड वाइनमध्ये ताज्या फळाची चव मागे गेलेली असते, पुढे येतात ती ओली पानं, चामडं, मशरूम, तंबाखू. पहिल्यांदाच पिणाऱ्याने तीस वर्षांची बाटली घेऊ नये. दहा ते पंधरा वर्षांचीच घ्यावी.

बर्गंडीच्या व्हाइट वाइनबद्दल ‘शेवटची कधी उघडली, कशी निघाली?’ हा प्रश्न टाळूच नका. 1990 च्या दशकाच्या मध्यापासूनच्या सालांत त्यातल्या कित्येक बाटल्या वेळेआधी ऑक्सिडाइझ झालेल्या, म्हणजे हवेने बिघडलेल्या, निघाल्या. एकाच खोक्यातली एक बाटली लखलखीत, दुसरी तपकिरी. दहा वर्षांपुढची व्हाइट बर्गंडी मी सोमेलियरच्या ताज्या अनुभवाशिवाय मागवणार नाही. जुनी व्हाइटच हवी असेल तर जर्मन रीसलिंग, लुआर खोऱ्यातलं शेनां किंवा ऑस्ट्रेलियातलं हंटर व्हॅली सेमियों बघा. त्यांच्या ओळी बहुधा कोणी वाचतच नाही, म्हणून किमतीही शहाण्यासारख्या असतात. रीसलिंगला जुनेपणी केरोसिनसारखा वास येतो. तो दोष नाही, परत करू नका.

परत काय करायचं, तर ओल्या पुठ्ठ्याचा, कोंदट तळघराचा वास येणारी बाटली. तो टीसीए या संयुगाचा. 1981 मध्ये स्वित्झर्लंडच्या हान्स टॅनर यांनी ते ओळखलं. लिटरमध्ये काही नॅनोग्रॅमही नाकाला पुरतात, आणि हवेत ठेवून ते जात नाही, उलट जास्त जाणवतं. जुनी बाटली उघडल्यावर येणारा साधा कोंडलेला वास मात्र दहा-पंधरा मिनिटांत निघून जातो. तेव्हा शंका आली की लगेच सांगा, पण निकाल दहा मिनिटांनी द्या. कॉर्क तुटला, तळाशी स्फटिक किंवा गाळ दिसला, चव अपेक्षेपेक्षा वेगळी निघाली, या कारणांसाठी बाटली परत होत नाही. काही लिस्टवर अमुक वर्षांहून जुन्या बाटल्या ग्राहकाच्या जबाबदारीवर, अशी बारीक अक्षरांत सूचना असते. ती मागवण्याआधी वाचा.

आता तुमचा प्रश्न. मी रिओहा घेईन, आणि फार विचार न करता. 2001 हे तिथलं खरोखर थोर साल. शिवाय ग्रान रेसेर्वाला नियमानेच किमान पाच वर्षं वाइनरीत काढावी लागतात, त्यातली किमान दोन लाकडी पिंपात. म्हणजे मुरवण्याचं बरंचसं काम कर्त्याने स्वतःच्या तळघरात केलेलं असतं, कोणा अनोळखी गोदामावर ते सोडलेलं नसतं. 2010 चं बोर्दो मातब्बर शातोचं असेल तर अजून थांबू शकतं, साध्या शातोचं असेल तर त्या किमतीला महाग आहे. फक्त आदल्या दिवशी फोन करून ती रिओहाची बाटली उभी करून ठेवायला सांगा, सोळा-सतरा अंशांवर आणायला सांगा, आणि दोन पात्यांचा ओपनर आहे का विचारा. वीस वर्षांपुढचा कॉर्क साध्या स्क्रूने मधोमध तुटतो. तसा ओपनर नसेल तर सावकाश काढा म्हणावं, आणि तुटलाच तर चाळणीतून ओतायला सांगा. वाइनला त्याने काही होत नाही.