सुई लावल्याने कॅन्सर पसरतो? अजिबात नाही

मावशीच्या स्तनात गाठ लागली, डॉक्टरांनी बायोप्सी (सुईने गाठीचा छोटा तुकडा काढून तपासणं) सांगितली, आणि नेमका तेव्हाच तिच्या भिशीच्या ग्रुपवर तो फॉरवर्ड येऊन पडला: ‘गाठीला सुई लावू नका, कॅन्सर अंगभर पसरतो. हवा लागली की भडकतो. दुखत नसेल तर गाठ साधीच. साखर सोडा, हळदीचा लेप लावा, जिरून जाईल.’ मावशीने तपासणी पुढे ढकलली. म्हणून हे लिहितोय, आणि रागातच लिहितोय.

आधी सुईचं. दुधाच्या नळ्यांच्या अस्तरातल्या पेशी ई-कॅडहेरिन नावाच्या प्रथिनाने एकमेकींना धरून असतात आणि त्यांच्या खाली एक पातळ पडदा असतो. पसरायचं तर कॅन्सरच्या पेशीला तो पडदा फोडावा लागतो, आपला आतला सांगाडा बदलत कोलॅजेनच्या जाळ्यातून वाट काढावी लागते, रक्तात किंवा लसिकेत (ऊतींमधून वाहणाऱ्या पातळ द्रवात) शिरून तिथे तगावं लागतं, मग हाडात, फुप्फुसात, यकृतात रुजावं लागतं. ही ताकद पेशीत झालेल्या बदलांतून येते. सुई ती देत नाही. ज्या गाठीत ती आली आहे, तिच्यातल्या पेशी कुणी हात न लावताही रक्तात उतरतात.

सुईच्या वाटेत काही पेशी सांडतात, एवढं खरं आहे. पण त्यातल्या बहुतेक तिथेच मरतात, आणि उरल्यासुरल्यांसाठी पुढचं ऑपरेशन, रेडिएशन, औषधं असतातच. एवढ्याशा सत्यावर अख्खी भीती उभी केली आहे!

आता मुंबईच्या टाटा मेमोरियल कॅन्सर रुग्णालयाच्या डॉ. राजेंद्र बडवे आणि सहकाऱ्यांचा अभ्यास बघा. तो २०२३ मध्ये ‘जर्नल ऑफ क्लिनिकल ऑन्कॉलॉजी’त छापून आला. भारतातल्या ११ केंद्रांत जवळपास १,६०० बायका. निम्म्या जणींना ऑपरेशनच्या आधी काही मिनिटं गाठीच्या सगळ्या बाजूंनी लिडोकेनचं, म्हणजे साध्या भुलीच्या औषधाचं, इंजेक्शन दिलं. पाच वर्षांनी जिवंत असलेल्यांचं प्रमाण इंजेक्शनविना ८६.४ टक्के, इंजेक्शन घेतलेल्यांत ९०.१ टक्के. पेशींच्या आवरणातले सोडियमचे मार्ग बंद करून हे औषध त्यांची हालचाल रोखत असावं, अशी त्यामागची धारणा. हा अभ्यास बायोप्सीचा नाही, मान्य. पण गाठीजवळ सुई गेली की रोग उधळतो हे खरं असतं, तर आकडे उलटे आले असते.

आणि बायोप्सी टाळून उपचार ठरवणार कसे? गाठीच्या पेशींवर ईआर, पीआर (दोन स्त्री-हार्मोन्सना प्रतिसाद देणारी प्रथिनं) किंवा हर-टू (पेशींची वाढ वेगाने करणारं प्रथिन) यांपैकी काय आहे, हे त्या तुकड्यावरूनच कळतं. गोळ्या, केमो की आणखी काही, ते त्यावर ठरतं.

हवेचं म्हणाल, म्हणजे ऑपरेशनमध्ये हवा लागून रोग भडकतो हे, तर ऑपरेशननंतर दिसलेला रोग बहुधा आधीच लांब पोचलेला असतो, फक्त स्कॅनमध्ये दिसण्याइतका मोठा झालेला नसतो. न दुखणारी गाठ साधी, हे तर धोकादायक आहे. स्तनाच्या कॅन्सरची गाठ सुरुवातीला बहुतेकदा दुखतच नाही. साखर सोडून गाठ जिरत नाही, कारण पेशींना लागणारं ग्लुकोज शरीर स्वतः बनवतं. आणि लेप लावत घालवलेल्या महिन्यांत रोग काखेतल्या लसिकाग्रंथींपर्यंत पोचू शकतो.