कप वाजवून कोणी स्टार झालं नव्हतं, दाजी

परवा रात्री आमच्या घरच्या ग्रुपवर दाजींनी एक मेसेज टाकला, वर आगीचं चित्र, खाली दोन हात जोडलेले. तोच मेसेज सकाळी दुकानात झेरॉक्स काढायला आलेल्या एका सरांच्या मोबाईलवर दिसला आणि दुपारी आमच्या गल्लीच्या गणेश मंडळाच्या ग्रुपवर, म्हणजे लातुरात सगळीकडं फिरायलाय. मेसेज असाय की मिथिला पालकर नावाची एक साधी मराठी पोरगी, ना काही शिकलेली ना कुणाची ओळख, घरात बसून कप वाजवत एक जुनं गाणं म्हणते, मोबाईलवर शूट करून टाकते आणि एका रात्रीत स्टार होते, नेटफ्लिक्सवाले दारात येतात, यूट्यूबवरून करोडो रुपये येतात. शेवटी ठळक अक्षरात, "डिग्रीच्या मागे लागू नका, तुमच्या लेकरांच्या हातात मोबाईल आहे ना, मग अजून काय पाहिजे!!"

दाजींनी टाकला तो बिचाऱ्यांनी आपला मोटिवेशनल म्हणून टाकला. पण आमची भाची बीएस्सी फर्स्ट इयरला आहे, तिनं तो वाचला आणि खालीच लिहिलं, "पप्पा, मग मी कॉलेज सोडू का?" आता दाजी मला फोन करायलेत की तू नाटकातला माणूस आहेस, तूच समजावून सांग तिला. तिला काय समजवायचं, तिनं जे लिहिलंय तेच बरोबर विचारलंय. समजवायचं तुम्हाला आहे. म्हणून एकेक वाक्य घेतो.

"एका रात्रीत."

कपवालं गाणं आलं मार्च २०१६ मध्ये. 'ही चाल तुरुतुरु', शांताबाई शेळक्यांचं, जयवंत कुलकर्णींनी गायलेलं, आपल्या पिढीला लग्नाच्या बँडवर पाठ झालेलं. कपची ती टाळी-टकटक चाल इंग्रजी सिनेमातून आधीच जगभर झाली होती, हिनं तिच्यावर मराठी गाणं बसवलं आणि ते व्हायरल झालं, हे खरंय, मेसेजमध्ये जवळपास एवढंच खरंय. (मार्च-एप्रिल २०१६ मध्ये आपण लातूरकर काय करत होतो आठवतंय का? पाण्याच्या टाक्यांपाशी १४४ कलम लागलं होतं आणि एप्रिलात मिरजेहून पाण्याची रेल्वे आली होती, पहिल्या खेपेला पाच लाख लिटर. त्यामुळं ते गाणं तेव्हा मी तरी पाहिलेलं नाही, आमच्याकडं कप रिकामेच होते.)

पण त्या रात्रीच्या आधी काय होतं ते मेसेजवाल्यानं कापून टाकलंय. २०१४ ला तिनं एका मराठी शॉर्टफिल्ममध्ये काम केलं. २०१५ ला एका हिंदी सिनेमात इम्रान खानच्या बहिणीचा रोल केला, तो सिनेमा चालला नाही आणि ती पोरगी कोण होती हे कुणी विचारलं पण नाही. फिल्टरकॉपीच्या यूट्यूब व्हिडिओंमधून ती दिसायची. म्हणजे कपच्या आधी निदान दोन वर्षं ती कॅमेऱ्यासमोर आहे आणि लोक नाव न विचारता पुढचा व्हिडिओ लावायलेत. ह्याला तुम्ही एक रात्र म्हणत असाल तर मग आपल्या मराठवाड्यात दुष्काळ पण एका रात्रीतच पडतो.

आणि गाण्यानंतरचं पण बघा ना. गाण्यानं लोकांना चेहरा कळला, बस. लोक तिला ज्या नावानं हाका मारायला लागले ती काव्या, आणि काव्या गाण्यातली नाही, 'लिटिल थिंग्स' ह्या वेबसिरीजमधली. डाइस मीडियाच्या यूट्यूब चॅनेलवर ऑक्टोबर २०१६ मध्ये आलेली, पहिल्या सीझनचे भाग किती, तर पाच. मुंबईत एकत्र राहणारं एक जोडपं, ध्रुव आणि काव्या, खाणार काय, आज ऑफिसला दांडी मारायची का, असल्या गोष्टींवर बोलत बसतात. खून नाही मारामारी नाही, कुणाची सासू पण नाही. ही काव्या कुलकर्णी नागपूरची दाखवलीय, पुढं तिसऱ्या सीझनला ती घरी जाते तेव्हा आईबापासोबतचं तिचं जे अवघडलेपण आहे, म्हणजे आपल्याच घरात पाहुण्यासारखं वाटणं, ते पुण्याला जॉबला गेलेल्या आणि दिवाळीला औसा-निलंग्याकडं परत येणाऱ्या कुठल्याही पोरीला विचारा, ती सांगेल. ते काम कप वाजवून येत नाही दाजी. गाणं दोन मिनिटं बघतात लोक, तासन् तास एखाद्या माणसासोबत बसायला त्या माणसात काहीतरी लागतं.

अजून एक, त्याच वर्षी ती बिंदास ह्या चॅनेलच्या 'गर्ल इन द सिटी' ह्या वेबसिरीजमध्ये पण होती, मुख्य रोल. म्हणजे एक गाणं, दोन सिरीज, सगळं २०१६ मध्ये. लांबून बघणाऱ्याला हे लॉटरीसारखं दिसतं. जवळून बघितलं तर आधी पेरलेलं एकदम उगवलंय.

"ना काही शिकलेली."

हे वाचून तर मला हसूच आलं. मास मीडियाची डिग्री आहे तिच्याकडं, बांद्र्याच्या कॉलेजातली. ज्या डिग्रीच्या मागं लागू नका म्हणायलेत तीच डिग्री. वर कथक शिकलेली, गाणं शिकलेली. कप वाजवत सुरात गायचं म्हणजे हात एका तालात आणि गळा दुसऱ्या वळणात, करून बघा घरी, मी केलं, स्टीलचा पेला घेतला होता, बायकोनं शेवटी पेला काढून घेतला.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे नाटक. मुंबईचे नाट्यदिग्दर्शक क्वासर ठाकोर पदमसी यांच्या नाट्यसंस्थेत तिनं काम केलंय, स्टेजवर चमकायचं काम नाही तर मागचं, थेस्पो म्हणून तरुणांचा नाट्यमहोत्सव ते लोक घेतात त्याच्या धावपळीचं. आता हे मागचं काम म्हणजे काय हे मला विचारा. राज्य नाट्य स्पर्धेला आम्ही सात वर्षं उतरलो, त्यातली पहिली तीन वर्षं माझं काम काय होतं तर दयानंद सभागृहात दुपारी जाऊन लेव्हल, म्हणजे स्टेजवरचे चौथरे, लावायच्या, खिळे वेचायचे, हिरॉइनच्या पदराला पिन द्यायची आणि प्रयोग सुरू झाला की विंगेत उभं राहून दुसऱ्याचे डायलॉग ओठातल्या ओठात म्हणायचे. तेव्हा वाटायचं वाया चाललंय सगळं. पण चौथ्या वर्षी एक जण आजारी पडला आणि मला आदल्या दिवशी रोल मिळाला तेव्हा एक शब्द पाठ करावा लागला नाही. विंगेत उभं राहिलेल्या माणसाला एन्ट्री कधी घ्यायची ते कळतं, हे कुठल्या मोबाईलमध्ये शिकवत नाहीत.

आपल्याकडचीच माणसं घ्या की, मुंबईचं उदाहरण पटत नसंल तर. चंद्रकांत कुलकर्णी, प्रशांत दळवी ही मंडळी औरंगाबादला, म्हणजे आताच्या संभाजीनगरात, 'जिगीषा' ही संस्था काढून नाटकं करत होती, मग मुंबईला गेली. लक्ष्मण देशपांडे विद्यापीठात नाट्यशास्त्र शिकवायचे आणि एकटे उभं राहून 'वऱ्हाड'मधली बावन्न माणसं करायचे, गावोगाव, वर्षानुवर्षं. त्यांच्या काळात यूट्यूब असतं तर पहिली क्लिप एका रात्रीत फिरली असती, आणि असलाच कुणीतरी मेसेज लिहिला असता की एक साधे मास्तर, ना काही शिकलेले.

"मोबाईलवर शूट करून."

गाणं घरात शूट केलेलं, मान्य. पण तुम्ही गाणं आणि सिरीज एकाच पोत्यात भरायलेत. 'लिटिल थिंग्स' लिहिली ध्रुव सहगलनं, तोच तिच्यासमोर काम करतो. डाइस मीडिया आणि फिल्टरकॉपी हे दोन्ही पॉकेट एसेस ह्या एकाच कंपनीचे, म्हणजे तिथं लेखक आहेत, कॅमेरावाले आहेत, आवाजवाला आहे, एडिटर आहे, आणि ह्या सगळ्यांना महिन्याचा पगार द्यायला कुणीतरी पैसा घातलाय. साधं घरातलं दिसावं म्हणून लाइट कुठं ठेवायचा ह्याला पण माणूस लागतो. तो साधेपणा महाग असतो.

आणि प्रेक्षक पण तयार होता, हे कुणी बोलत नाही. २०१४ पासून टीव्हीएफ ह्या यूट्यूब चॅनेलनं लोकांना यूट्यूबवर सिरीज बघायची सवय लावली होती. मराठीत अमेय वाघ, निपुण धर्माधिकारी वगैरे पोरं तेव्हाच वेबवर धुडगूस घालत होती, आणि गंमत म्हणजे ह्याच अमेयसोबत नंतर २०१७ ला तिचा 'मुरांबा' सिनेमा आला. त्यात ५ सप्टेंबर २०१६ ला जिओ आलं. आठवा, सिम कार्डासाठी आपण किती तास लाईनीत होतो. आधी एक जीबी महिनाभर पुरवायचो, आणि एकदम फुकट नेट, मार्चपर्यंत. पुढच्याच महिन्यात ही सिरीज आली. तिची मेहनत खोटी नाही, पण वाराही मागून वाहत होता. आज तुमच्या लेकरानं व्हिडिओ टाकला तर तो वारा नाहीये, आता सगळेच नेटवर आहेत आणि सगळेच व्हिडिओ टाकायलेत, बघायला कोण शिल्लक राहिलंय असं कधीकधी वाटतं.

"यूट्यूबवरून करोडो."

थोडक्यात सांगतो. चॅनेलवर जाहिरातीचे पैसे सुरू व्हायलाच हजार सबस्क्रायबर आणि वर्षभरात चार हजार तास बघितलं जाणं लागतं, किंवा मग नव्वद दिवसांत शॉर्ट्सवर एक कोटी व्ह्यूज. ते झाल्यावर सुद्धा दुसऱ्याचं गाणं म्हटलं तर गाण्याचे हक्क ज्या कंपनीकडं असतात ती क्लेम टाकू शकते आणि त्या व्हिडिओची कमाई तिकडं वळते. सिरीजच्या व्ह्यूजचे पैसे तर चॅनेलला जातात, कलाकाराला ठरलेलं मानधन. त्यामुळं व्ह्यूज गुणिले रुपये असा हिशोब जे करायलेत त्यांनी आधी मार्केट यार्डात सोयाबीनचा हिशोब करावा, तिथं पण भाव बोर्डावर एक असतो आणि पट्टीवर दुसरा.

"नेटफ्लिक्सवाले दारात." नेटफ्लिक्सवर ती सिरीज आली ऑक्टोबर २०१८ ला, दुसऱ्या सीझनपासून. म्हणजे गाण्यानंतर अडीच वर्षांनी. मधे 'मुरांबा' झाला, ऑगस्ट २०१८ मध्ये इरफान आणि दुलकर सलमानसोबत 'कारवां' झाला, फोर्ब्स इंडियाच्या तिशीच्या आतल्या यादीत नाव आलं. नंतर रेणुका शहाणेंच्या 'त्रिभंग'मध्ये काजोल आणि तन्वी आझमींसोबत. सिरीजचा चौथा आणि शेवटचा सीझन आला २०२१ ला. पाच वर्षं एकच पात्र, हे बघा आधी.

आता "कुणाची ओळख नाही" हे. इथं मेसेजवाला अर्धा बरोबर आहे आणि मला ते मान्य करायला पाहिजे. ती कुठल्या फिल्मी घराण्यातली नाही, आणि वेबसिरीजमुळंच अशा पोरींना दार उघडलं, टीव्हीच्या सासू-सुनेत ती कुणालाच दिसली नसती, हे मी स्वतः म्हणतो. पण ती दादरची आहे. बांद्र्याचं कॉलेज, नाटकाच्या तालमी, ऑडिशन, हे सगळं लोकलच्या एका पासवर. आपल्या भाचीला ऑडिशनला जायचं तर रात्रीची लातूर-मुंबई गाडी, सोबत कोणतरी घरचा माणूस पाहिजे, सकाळी उतरून तोंड कुठं धुवायचं इथपासून सुरुवात. आणि तिथं गेल्यावर कुणीतरी म्हणणार तुमची भाषा जरा सुधारा. तिची भाषा म्हणजे तुमची-माझी भाषा, दाजी. ओळख नसणं वेगळं आणि साडेचारशे-पाचशे किलोमीटर लांब असणं वेगळं, मेसेजमध्ये दोन्ही एकच करून टाकलंय.

राहिलं ते "हातात मोबाईल आहे ना". २९ जून २०२० आठवतो का? टिकटॉक बंद झालं त्या दिवशी. आमच्या दुकानाच्या मागच्या गल्लीत एक पोरगं होतं, शेतात उभं राहून डायलॉग मारायचं, लाखांवर फॉलोअर, जत्रेत लोक सेल्फी घ्यायचे, त्यानं त्याच नादात आयटीआय सोडलेलं. त्या रात्री त्याचे लाखभर लोक गेले आणि परत आलेच नाहीत, दुसऱ्या ॲपवर त्यानं परत शून्यापासून केलं पण ते जमलं नाही. आता तो माझ्याकडंच लॅमिनेशन करतो, चांगला पोरगा आहे, अजून आवाज काढला की गिऱ्हाईक हसतं. त्याच्यात गुण नव्हता असं नाही, लई होता. पण त्याला कुणी पाच भाग लिहून दिले नाहीत, तालीम घेतली नाही, हे नको ते ठेव म्हणणारा कुणी नव्हता. मोबाईल होता की.

आमच्या बाजूला आशाच नाही असं मला अजिबात म्हणायचं नाही. साताऱ्याकडच्या पोरांनी 'गावाकडच्या गोष्टी' गावातच बसून केल्या आणि सगळ्या महाराष्ट्रानं बघितल्या, गावचीच भाषा, गावचेच चेहरे. पण तिथं पण टीम होती, दर भागाला लिहिलेलं होतं. लातुरात हे होऊ शकतं का, तर होऊ शकतं, लिहिणारे चार आणि टिकणारे सहा मिळाले तर. कॅमेरा शेवटी बघू.

भाचीचं म्हणाल तर मी तिच्याशी बोललो. कॉलेज सोडायचं तिच्या मनात नव्हतंच, तिला फक्त बापाची गंमत करायची होती. पण युवक महोत्सवाच्या एकांकिकेत तिनं नाव दिलंय, रोल छोटा आहे, रांगेतली तिसरी बाई, दोन वाक्यं. तालीम संध्याकाळी सहा ते नऊ. नऊनंतर गावाकडं जायला बस नाही, म्हणून मी कालच ग्रुपवर लिहिलं की दाजी, मेसेज टाकायच्या ऐवजी रोज नऊला गाडी घेऊन कॉलेजच्या गेटवर या. त्यावर त्यांनी अंगठा टाकलाय. काल आणायला मीच गेलो होतो, आज पण मीच निघालोय.