कानातले मास्तर

पन्नाशी जवळ आली की काही बायका ट्रेकिंग सुरू करतात, काही नाचणीचं सत्त्व. मी लेखिका व्हायचं ठरवलं. क्लासला जायला वेळ कुठला? म्हणून भाचीनं फोनवर 'रायटिंग एक्सक्युजेस' नावाचा, लिहायला शिकवणारा पॉडकास्ट लावून दिला. ब्रँडन सँडरसन, डॅन वेल्स आणि हॉवर्ड टेलर या अमेरिकन लेखकांनी तो २००८ मध्ये सुरू केला, पुढे मेरी रॉबिनेट कोवाल आल्या, २०१३ मध्ये त्याला विज्ञानकथा-अद्भुतकथांच्या जगातला ह्यूगो पुरस्कारही मिळाला. जुना एक भाग साधारण पंधरा मिनिटांचा. लोकलमध्ये डोंबिवलीला लावला की ठाण्याच्या आत संपतो.

शेवटी ते गृहपाठ देतात आणि बजावतात की सबबी संपल्या, आता लिहायला बसा. बसा! माझा उजवा हात वरच्या कडीत, डावा कुणाच्या तरी पर्सखाली, आणि केसांत दुसऱ्याच बाईचा क्लच अडकलेला.

तरी मी चिकाटी सोडली नाही. यांच्या नादानं आणखी चार इंग्रजी मास्तर कानात भरले. त्यातल्या एकाचा क्रियाविशेषणांवर फार राग. दिसलं की छाटा म्हणे. मी रविवारी एक परिच्छेद लिहिला होता. पाऊस धो धो कोसळत होता, म्हातारी लगबगीनं उठत होती आणि दूध भसकन उतू जात होतं. सगळं छाटलं. उरलं ते असं: 'पाऊस पडला. म्हातारी उठली. दूध उतू गेलं.' नवऱ्यानं वाचलं आणि विचारलं, "पंचनामा आहे का?"

खरा घोटाळा मात्र कचेरीत झाला. दुसऱ्या मास्तरांचा कर्मणी प्रयोगावर दात. काम कुणी केलं ते सरळ सांगा, वाक्यात जीव येतो, असं त्यांचं म्हणणं. मी बावीस वर्षं सरकारी पत्रांचे मसुदे करते. 'आपणांस कळविण्यात येते की, आपला अर्ज अमान्य करण्यात आला आहे' हे वाक्य मी झोपेतही लिहीन. त्या दिवशी जीव आणला. लिहिलं, 'मी आपला अर्ज वाचला. आमच्या साहेबांनी तो नामंजूर केला.'

साहेबांनी आत बोलावलं. चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"मॅडम, यात कर्ता दिसतोय!"

"कर्मणीनं लेखन मरगळतं, सर."

"लेखन मरगळू द्या. उद्या हा कागद माहिती अधिकारात बाहेर गेला तर मी मरगळेन."

या अमेरिकन मंडळींना आपला भावे प्रयोग कुणी शिकवायला हवा. 'रामाने रावणास मारले' यात क्रियापद कर्त्याचंही ऐकत नाही आणि कर्माचंही. आमची अख्खी कचेरी त्याच प्रयोगात चालते.

मग संवादांवरचा एक धडा लागला. माणसं खरी कशी बोलतात ते कान देऊन ऐका, असा गृहपाठ. आता दोन्ही कानांत बोंडं कोंबून मी कुणाचं काय ऐकणार? पण ठाण्याच्या रेट्यात उजवं बोंड निसटून पायांत गेलं आणि तो कान मोकळा झाला. मेथी निवडत बसलेली एक बाई सांगत होती, "आधी ऐक, त्या लॉकरवाल्या जाऊबाईंचे सासरे मूळचे चिपळूणचे."

डाव्या कानात मास्तर: प्रसंगात उशिरा शिरा.

ही बाई सासऱ्यांच्या लहानपणापासून शिरली होती. वाटेत त्यांची म्हैस आली, भावकीतला दावा आला, एका वन्संचं मोडलेलं लग्न आलं. मग कुणीतरी खाडकन दार उघडलं, कुणी धाडकन लावलं, जाऊबाई थरथर कापल्या आणि चावी खळकन मोरीत पडली. एकही क्रियाविशेषण छाटलेलं नाही. कुणी मधे फोन उचलला नाही. तिघींच्या बाकावरल्या फोर्थ सीटवरून भांडणाऱ्या दोघी अर्ध्यावर गप्प झाल्या. घाटकोपरला उतरणारी एक मुलगी कुर्ला आल्यावर किंचाळली.

"शेवटी लॉकर उघडला गं. आणि आत बघतात तर—" तिनं मेथीची पिशवी बांधली. "सरका, सरका, दादर!"

उतरली.

डबाभर हाय हाय झाली. डावा कान म्हणत होता की आता सबबी नकोत. मी तो काढून पर्समध्ये टाकला आणि शेजारणीला विचारलं, "या रोज इथेच असतात का हो?"

"उद्या सुट्टी आहे तिची. परवा या. पण त्या खांबापाशी उभ्या राहा, इथे पंख्याचा आवाज फार."