बांगड्यांचं वाक्य राहू द्या, काका

आमचे दादा, म्हणजे माझे आजोबा, गेल्या वर्षी गेले. नव्वदी कधीच ओलांडली होती. वर्षश्राद्धाला छोटीशी स्मरणिका काढायचं ठरलंय आणि त्यावरून घरात जुंपली आहे. आजीचं एक वाक्य मी मजकुरात जसंच्या तसं घेतलं होतं: "ह्यांची सही आणि माझ्या बांगड्या, दोन्ही गावासाठीच होत्या." मोठ्या काकांनी त्यावर लाल पेनाने काट मारली. म्हणे, माणूस गेला, आता हे कशाला?

सही म्हणजे जामिनाची. दादा झेडपीच्या शाळेत मास्तर, पगारदार माणूस. पतसंस्थेतून कर्ज काढणारा प्रत्येक जण आधी आमच्या ओट्यावर यायचा आणि दादा कुणालाही नाही म्हणायचे नाहीत. हप्ते थकले की नोटीस आमच्या दारी. मग आजी माळ्यावरची ट्रंक काढायची.

काकांना वाटतं, हे छापलं तर दादा लहान होतील. मला तसं अजिबात वाटत नाही, आणि साक्षीला मी थेट भारतरत्नच आणतो.

पुण्यात कोथरूडला रोज कितीतरी माणसं कर्वे पुतळ्यापाशी उतरतात. त्या धोंडो केशव कर्व्यांचा, घरच्यांच्या अण्णांचा, जन्म 18 एप्रिल 1858 चा. तेव्हा कागदोपत्री अजून कंपनी सरकारचं राज्य होतं. ते गेले 9 नोव्हेंबर 1962 ला, चीनशी लढाई चालू असताना. एकशे चार वर्षं! सतरा वर्षांचा हा पोरगा परीक्षेला बसायचं म्हणून मुरुडहून घाट चढून साताऱ्याला चालत गेला, शंभर मैलांच्या वर. तिथे साहेबांनी सांगितलं, तू सतराचा दिसत नाहीस, जा परत. वयाचं आणि त्यांचं असं पहिल्यापासूनच वाकडं.

पुढचं बहुतेकांना माहीत असतं. 1891 मध्ये पहिली बायको राधाबाई वारल्या. त्याच वर्षी गोपाळ कृष्ण गोखल्यांच्या बोलावण्यावरून ते फर्ग्युसनमध्ये गणित शिकवायला आले. 1893 मध्ये त्यांनी पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनातल्या गोदूबाईंशी, एका विधवेशी, उघडपणे लग्न केलं. ज्या मुरुडसाठी पगारातून पैसे बाजूला काढायचे, त्याच मुरुडने वाळीत टाकलं. 1896 मध्ये विधवांसाठी आश्रम, मग हिंगण्याला झोपडी, 1916 मध्ये महिलांचं विद्यापीठ. एकाहत्तराव्या वर्षी जगाच्या दौऱ्यावर निघाले, बर्लिनमध्ये आइन्स्टाइनना भेटले. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी खेड्यातल्या शाळांसाठी नवी संस्था काढली आणि तिच्यासाठी दारोदार फिरून वर्गणी गोळा केली. माझ्या ओळखीचे लोक साठीला गुडघ्यांची नावं सांगायला लागतात.

हे झालं पुतळ्याचं. आता घरातलं.

गोदूबाईंचं सासरचं नाव आनंदीबाई, सगळे म्हणायचे बाया. त्यांचं 'माझे पुराण' हे आत्मचरित्र ज्यांनी वाचलं नसेल त्यांनी जरूर वाचा. अण्णांची आधीची शिल्लक आश्रमाला, विम्याची पॉलिसीही आश्रमाला, कॉलेज सुटलं की पाय हिंगण्याच्या वाटेला. आणि घर? ते बायांनी बघायचं. बाई फणकारतात, हिशेब मांडतात, नवऱ्याला खरंखोटं सुनावतात. आणि त्याच बाई पदर खोचून आश्रमासाठी वर्गणी मागत फिरतात. तक्रार आणि साथ एकाच माणसाकडून, एकाच वेळी. ज्यांना हे विसंगत वाटतं त्यांनी पन्नास वर्षांचा संसार जवळून बघितलेला नाही, एवढंच म्हणेन.

सून इरावतीबाई तर मानववंशशास्त्रज्ञ. त्यांनी सासऱ्यांवर लिहिताना सरळ म्हटलंय की अशा माणसाची सून झाले हे माझं भाग्य, आणि त्याची बायको झाले नाही हे त्याहून मोठं भाग्य. शब्द थोडे इकडेतिकडे असतील, आशय हाच. एवढं लिहूनही अण्णा लहान झाले का हो? उलट, मला ते पहिल्यांदा माणूस म्हणून दिसले ते याच दोन बायकांच्या लिहिण्यातून. गौरवग्रंथातले अण्णा वाचून नमस्कार करावासा वाटतो, पण या दोघींचे अण्णा वाचले की त्यांच्याशी भांडावंसं वाटतं. मला दुसरी जवळीक जास्त खरी वाटते.

आणि दीर्घायुष्याचं एक कुणी बोलत नाही. 'शतायुषी भव' म्हणायला सोपं आहे. गोखले अण्णांपेक्षा आठ वर्षांनी लहान. ते 1915 मध्ये गेले आणि अण्णा त्यांच्यानंतर सत्तेचाळीस वर्षं जगले. बाया गेल्या 1950 मध्ये. थोरला मुलगा रघुनाथ, म्हणजे 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवणारे, संततिनियमनासाठी नोकरी गमावलेले आणि कोर्टकचेऱ्या भोगलेले र. धों., ते 1953 मध्ये गेले. तेव्हा बाप पंचाण्णव वर्षांचा. पाच वर्षांनी शंभरीत भारतरत्न मिळालं, पण ते बघायला ना बाया होत्या ना रघुनाथ.

दादांचंही थोडं असंच झालं. त्यांच्या बॅचचे सगळे मास्तर गेले, मग विद्यार्थीही जायला लागले. शेवटी शेवटी पेपर आला की ते आधी निधनवार्तांचं पान उघडायचे, आणि एखाद्या थकबाकीदाराचा फोटो दिसला की आजीला हाक मारून सांगायचे, "अगं, तुझी पाटली गेली." आजी स्वयंपाकघरातूनच विचारायची, "कुठली? पुढची की मागची?" आणि दोघं हसायची. काका, तुम्ही तिथे होतात. तुम्हीही हसला होतात.

ज्या बाईने बांगड्या दिल्या, ती स्वतः चेष्टेने बोलतेय, आणि आपण तिच्या वाक्यावर काट मारायची? त्या जागी 'परोपकारी व मनमिळाऊ स्वभाव' असं छापायचं? ते तर आपल्या गल्लीतल्या प्रत्येक श्रद्धांजलीच्या फ्लेक्सवर असतं, सावकाराच्यासुद्धा.

तेव्हा नातेवाइकांना विनंती. दादांबद्दल लिहून पाठवताना 'देवमाणूस' हा शब्द टाळा. त्यांनी तुम्हाला रागावून पट्टी मारली असेल तर ते लिहा, तुमच्या लग्नात उगाच रुसले असतील तर तेही लिहा. आत्या, तुझी एसेस्सीनंतर शिकायची इच्छा होती आणि दादा जामिनाच्या हप्त्यात अडकले होते, ते लिहिणार असशील तर मी एक अख्खं पान ठेवतो. मजकूर येत्या रविवारपर्यंत व्हॉट्सॲपवर पाठवा, टाइप मी करतो. फोटो मात्र काका निवडतील, तो त्यांचा मान.