चौथ्या मजल्यावरचे जहागीरदार

फ्लॅट घेताय? अभिनंदन! पेढे वाटा, नारळ फोडा, पण कागद तेवढे वाचू नका. कागद वकिलांसाठी असतात, तुम्ही टाइल्स बघा. सॅम्पल फ्लॅटमधला पलंग साडेपाच फुटांचाच का, असले भोचक प्रश्न विचारून सेल्समनचा हिरमोड करू नका. चटई क्षेत्र, महारेराचा नोंदणी क्रमांक वगैरे विचारणारी माणसं लग्नातसुद्धा आधी कॅटररचं बिल मागतात.

स्टिल्टचं, म्हणजे इमारतीखाली खांबांमधलं, पार्किंग बिल्डरला विकता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्येच सांगून ठेवलंय. पण गाडी न्यायालयाला लावायची नाही, तुम्हाला लावायचीय. तेव्हा निमूट पैसे मोजा, आणि पावती मागून समोरच्याला अवघडून टाकू नका.

आता राहिली जमीन. ती तर विसराच. यात आमच्या सोसायटीचा आदर्श घ्या. छत्तीस फ्लॅट, छत्तीस मालक, छत्तीस पितळी पाट्या. मोफा, म्हणजे महाराष्ट्राचा फ्लॅट-मालकी कायदा, १९६३ चा. करारात वेगळी मुदत नसेल, तर सोसायटी नोंदवल्यापासून चार महिन्यांत बिल्डरने जमीन सोसायटीच्या नावावर करून द्यायची, असा नियम. आमचे चार महिने गेली सव्वीस वर्षं चालू आहेत. बिल्डर सही देत नसेल तर जिल्हा उपनिबंधकांकडे अर्ज करून त्याच्या सहीशिवायच जमीन नावावर करून घ्यायची, म्हणजे मानीव अभिहस्तांतरण मिळवायचं, ही सोयही २००८ च्या दुरुस्तीने झाली. पण ज्या गोष्टीचं नाव उच्चारतानाच दम लागतो, ती करायची कुणी?

तरी वार्षिक सभेत हा विषय निघतो हं. क्रमांक सातवर. सहावा विषय कबुतरांच्या जाळीचा, तो संपेपर्यंत साडेदहा वाजतात आणि वडे गार होतात. मग 'माणशी खर्च किती येईल?' असा खडा सवाल येतो. विचारणाऱ्या काकांनी नुकतंच हॉलला तीन लाखांचं पीओपी करून घेतलेलं असतं. विषय पुढच्या सभेत.

एकदा एका उत्साही सभासदाने जमिनीचा सातबारा काढून आणला. आम्ही सगळे मोबाईलचा टॉर्च मारून त्यावर वाकलो. भोगवटादार म्हणून एक शेतकरी, त्याची चार मुलं, दोन मुली. इतर हक्कांत कुठल्याशा पतपेढीचा बोजा. आणि पिकाच्या रकान्यात ज्वारी! म्हणजे आमची लिफ्ट जिथे अडकते, बरोबर तिथे सरकारदरबारी कणसं डोलतायत. कुणीतरी वकिलाला फोन लावला. सातबारा हा महसुलाचा कागद, निव्वळ त्यावरून मालकी ठरत नाही, असं ते म्हणाले. सगळ्यांना केवढं हायसं वाटलं! 'मग कशावरून ठरते?' हे विचारायच्या आत फोन ठेवलाही होता.

परवा बिल्डरचा मुलगा दोन माणसं आणि टेप घेऊन आमच्या बागेत मोजणी करत होता. या जमिनीवर अजून किती बांधता येतं, त्याला शिल्लक एफएसआय की कायसं म्हणत होता. झोपाळा आणि सोनचाफा यांच्यामध्ये त्यांनी चुन्याची रेघही मारली. आमच्या सेक्रेटरींनी लगेच वरून चहा पाठवला.

तुम्हीही पाठवा. साखर चालते का, तेवढं आधी विचारून घ्या.