जाहिरात फुकट, मालक खर्ची

सोशल मीडियावर जाहिरात फुकट होते, असं मला ज्यांनी ज्यांनी सांगितलं, त्यांच्यापैकी एकाकडेही हॉटेल नव्हतं.

माझ्याकडे आहे. टेबलं मोजकी, गिऱ्हाईक त्याहून मोजकं, आणि जाहिरातीसाठी बाजूला काढलेली रक्कम इतकी लाजरी की ती नेमकी कुठल्या बाजूला आहे हे मलाही शोधावं लागतं. म्हणून भाच्याला बोलावलं. भाचा कॉलेजात आहे, म्हणजे या विषयातला आमच्या घराण्यातला एकमेव तज्ज्ञ. आल्यावर त्याने मेनू वाचला नाही, चव घेतली नाही. छताकडे बघून म्हणाला, "मामा, या ट्यूबलाइटचा बंदोबस्त करा. हिच्याखाली अमृत ठेवलं तरी काढा दिसेल."

चांगला उजेड म्हणे फक्त खिडकीपाशी. पण खिडकीपाशी टेबल एकच, आणि तिथे उजेड पडतो ऐन जेवणाच्या वेळी. जाहिरात कशासाठी, तर गिऱ्हाईक यावं म्हणून. आणि आलेल्या गिऱ्हाइकाला मी सांगायचं, "जरा कोपऱ्यात बसता का? इथे गिऱ्हाईक बोलवायचं काम चाललंय."

त्याच दिवसांत मला कळलं की मोठ्या जाहिरातींच्या फोटोंत पाकाच्या जागी चक्क इंजिन ऑइल ओतायची पद्धत होती, आणि बर्फाचे खडे अ‍ॅक्रिलिकचे असतात. भाचा हे फार उत्साहाने सांगत होता. आमच्या आचाऱ्यांनी झारा खाली ठेवला. "शेठ, ते ताट मग खायचं कोणी?" आमच्याकडे फोटोतलं ताट नंतर खायचं असतं, बजेट नसण्याचा खरा अर्थ हा. तो सगळा काळ मी आणि भाचा गार जेवलो.

मग रील. रील उभी लागते, नऊ बाय सोळा. आमचं हॉटेल आडवं. उभ्या चौकटीत एक टेबल, एक खुर्ची आणि भरपूर छत येतं, म्हणजे पुन्हा ट्यूबलाइट. गाण्याचं आणखी वेगळंच. सगळे ज्या गाण्यावर रील करत होते ते आमच्या खात्याला मिळेचना. इन्स्टाग्रामवर बिझनेस अकाउंट घेतलं की लोकप्रिय गाण्यांचा खजिना बहुतेक बंद होतो आणि हक्कांची कटकट नसलेलं संगीत हाती येतं. ते ऐकून लिफ्ट मधल्या मजल्यावर अडकल्यासारखं वाटतं.

थोडे पैसे टाकून पोस्ट 'बूस्ट' करायची ठरलं तेव्हा भाच्याला अख्खं राज्य हवं होतं. मी नकाशावर हॉटेलाभोवती एक छोटं वर्तुळ काढलं आणि म्हटलं, जाहिरात याच्या बाहेर जाता कामा नये. त्याला ते फार केविलवाणं वाटलं. पण दूरवरच्या माणसाने पाठवलेलं बदाम गल्ल्यात टाकता येत नाही. तो जेवायला निघालाच तर पोचेपर्यंत आमची भांडी घासून झालेली असतात.

व्हॉट्सअ‍ॅपची तऱ्हा तर न्यारीच. ब्रॉडकास्ट यादीत 256 जण घालता येतात, पण निरोप पोचतो फक्त ज्यांनी आपला नंबर सेव्ह केलाय त्यांना. माझा नंबर सेव्ह करून ठेवणारे कोण? नातेवाईक, गॅसवाला, आणि ज्यांचं मी देणं लागतो ते सगळे. "आज खास बेत, अवश्य या" हे या मंडळींना बरोबर कळलं. भाजीवाला आलाही. उधारीची वही घेऊन.

त्यातल्या त्यात मला मानवलं ते गूगल मॅपवरचं खातं. खरंच फुकट आहे. वेळा लिहा, फोटो लावा, लोकांच्या अभिप्रायांना उत्तरं द्या. चांगला अभिप्राय लिहिला तर बिलात सूट, ही भाच्याची कल्पना मात्र त्यांच्या नियमात बसत नाही. आणि तारे म्हणजे नुसती शोभा नव्हे. हार्वर्ड बिझनेस स्कूलच्या मायकल लुका यांनी 2011 साली सिएटलमधल्या रेस्टॉरंटांची कमाई येल्प या तिकडच्या अभिप्रायांच्या साइटवरच्या ताऱ्यांशी ताडून पाहिली. एक तारा वाढला की कमाई 5 ते 9 टक्क्यांनी वाढते, आणि तीही साखळीवाल्या बड्यांची नव्हे, आमच्यासारख्या सुट्यांची. हे वाचल्यापासून मी जेवणाऱ्याच्या तोंडाकडे बघत नाही, अंगठ्याकडे बघतो.

एकाने एक तारा दिला. कारण, बाहेर गाडी लावायला जागा नाही. रस्ता माझा नाही. तरी बसून उत्तर लिहिलं आणि बायकोला वाचायला दिलं. ती म्हणाली, "'नम्र' तीनदा आलंय. भांडायला उठल्यासारखं वाटतंय."

शेवटी एक इन्फ्लुएन्सर ताई आल्या. पैसे नकोत, फक्त जेवण, असा 'कोलॅब' ठरला होता. येताना सोबत मित्रमंडळ होतं. त्यांचे फॉलोअर हजारांत, भूक लाखांत. ताट आलं, त्याचे वरून फोटो झाले, तिरके झाले, खुर्चीवर चढून झाले. वाफ संपली म्हणून ताट आत गेलं, गरम होऊन आलं, पुन्हा फोटो. तिसऱ्यांदा ताट परत आलं तेव्हा आचारी स्वतः बाहेर आले. ताईंच्या हातातला फोन काढून त्यांनी टेबलावर पालथा ठेवला आणि म्हणाले, "आधी जेवा. गार झालं की नाव माझं खराब होतं."

ताईंनी आमच्याबद्दल काही टाकलं नाही. पण भाच्याचा फोन चालू होता. त्याने तेवढाच तुकडा टाकला. गाणं नाही, उजेड तोच ट्यूबलाइटचा. माझ्या त्या केविलवाण्या वर्तुळातली माणसं येऊ लागली. येतात, फोन मुद्दाम उंच धरतात आणि स्वयंपाकघराच्या दाराकडे आशेने बघतात. आचारी येऊन रागावतात. मंडळी खूश होऊन जेवतात.

परवा आचाऱ्यांना दुसऱ्या एका हॉटेलातून बोलावणं आलं. मी लगेच पगार वाढवला. फुकटच्या जाहिरातीवर झालेला हा माझा सगळ्यात मोठा खर्च. त्यांनी वाढ मान्य केली, पण जाता जाता दारातून वळले.

"शेठ, स्वयंपाकाचं झालं. रागवायचं वेगळं धरलंय ना?"