ब्रिटिश उमरावाच्या घरी जन्मायचंय? मग एवढं वाचाच

गेल्या महिन्यात इंग्लंडच्या सहलीत एका ड्यूकची, म्हणजे सगळ्यात वरच्या पायरीवरच्या उमरावाची, हवेली पाहिली. तिकिटाच्या पैशात इकडे आठवड्याचा किराणा आला असता. गाईडबाई भिंतीवरची तैलचित्रं दाखवत ‘बापाकडून मुलाकडे, अखंड’ असं सांगत होत्या, आणि आमच्या ग्रुपमधले एक काका गहिवरले. "बघा, म्हणून टिकली इस्टेट! आमच्याकडे बहिणी वाटण्या मागतात." बसमध्येही तेच पुराण. तर अशा समस्त सज्जनांसाठी पुढच्या जन्माच्या काही सूचना.

मुलगा म्हणून जन्मा, तोही पहिला. ड्यूकच्या धाकट्याला नावाआधी ‘लॉर्ड’ लावता येतं. हवेली थोरल्याची.

आईबापांचं लग्न तुमच्या जन्माआधी लागलंय ना, बघून घ्या. नंतर लागलं तर इंग्लंडचा कायदा तुम्हाला औरस म्हणेल, किताब मात्र देणार नाही.

दत्तक अजिबात जाऊ नका.

छप्पर गळत असेल तर अमेरिकेत स्थळं बघा. नवव्या ड्यूक ऑफ मार्लबरोने १८९५ मध्ये कॉन्सुएलो व्हँडरबिल्टशी लग्न केलं, सोबत २५ लाख डॉलरचे रेल्वेचे शेअर आले. तिचं मन दुसऱ्यावर होतं, आईने दटावून उभी केली. याला हुंडा म्हणायचं नाही हं. हुंडा मागासलेले लोक घेतात.

मुलगी हवीच असेल तर दुसऱ्याची, आणि जमीनवाली. १६७७ मध्ये सर टॉमस ग्रोव्हनर यांनी मेरी डेव्हिसशी लग्न केलं. नवरी बारा वर्षांची. तिच्या नावावर लंडनच्या कडेची सुमारे ५०० एकर कुरणं आणि दलदल. त्याच जमिनीवर पुढे मेफेअर आणि बेल्ग्रेव्हिया हे लंडनचे महागडे भाग उभे राहिले आणि ग्रोव्हनर घराणं ड्यूक ऑफ वेस्टमिन्स्टर झालं. आता पुढचं ऐका. २०१६ मध्ये सहावे ड्यूक वारले, तेव्हा थोरल्या दोन्ही मुलींना ओलांडून किताब गेला पंचविशीतल्या मुलाकडे! बारा वर्षांच्या पोरीने आणलेल्या जमिनीवर तीनशे वर्षं भाडं खायचं, आणि वारस ठरवताना पोरी दिसत नाहीत? २०१३ मध्ये सिंहासनासाठी कायदा बदलला, मुलगी थोरली असेल तर तीच राणी. किताबांना कुणी हात लावला नाही. लिंगबदल करून घेऊ म्हणाल, तर २००४ च्या कायद्यात खास कलम आहे: किताबाचा क्रम त्याने बदलणार नाही. कुठे कुठे म्हणून बुजवून ठेवलंय बघा! आणि करायचं असलं की होतं. माउंटबॅटनना मुलगा नव्हता, तर किताबाच्या सनदेतच मुलींची सोय झाली आणि १९७९ मध्ये त्यांची लेक पॅट्रिशिया काउंटेस, म्हणजे स्वतःच्या हक्काने किताबवाली, झाली.

बापाची ओळख वरपर्यंत असू द्या, हीही एक सूचना समजा.

साहेबाच्या शिस्तीचं फार कौतुक असेल तर डलहौसी आठवा. १८४८ मध्ये त्याने साताऱ्याचं दत्तक नामंजूर करून राज्य खालसा केलं. पुढच्याच वर्षी स्वतः मार्क्वेस झाला, म्हणजे ड्यूकच्या एक पायरी खालचा उमराव. १८६० मध्ये वारला तेव्हा मागे दोन मुली होत्या, मुलगा नव्हता. मार्क्वेसपद तिथेच खालसा. जित्याजागत्या दोन लेकी असून माणूस कागदावर निर्वंश!

आणि हे तुम्हाला आदर्श वाटतं? तुम्ही ड्यूक नाही. तुमची दीड एकर कोरडवाहू, त्यावर सोसायटीचं कर्ज. २००५ पासून मुलगी मुलाइतकीच जन्माने हिस्सेदार आहे, हे तुम्हाला पक्कं ठाऊक आहे. म्हणून तर भाऊबीजेला बोलावून साडीखाली हक्कसोडपत्र सरकवता, आणि सही केली नाही तर माहेर तुटेल म्हणून आईकडून फोन करवता. टिकली म्हणे इस्टेट! बहिणीचं खाऊन कुणाचीही टिकते. लाज वाटू द्या जरा.